चार्ज कुणाकडे?

इंग्रजाने 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून आमचा बालाघाट जिल्हा केला. जाताना सगळं आवरून गेला, पण 'चार्ज' हा शब्द मागेच राहिला, आणि तो बिचारा आजतागायत ड्युटीवर आहे. नवा साहेब आला की चार्ज घेतो. मोर्चा निघाला की लाठीचार्ज होतो. ज्याच्या पाठीवर तो होतो, त्याच्यावरच पुढे कोर्टात चार्ज लागतो आणि त्यातून सोडवायचा चार्ज वकील वेगळा घेतो. भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत खडकाला भोकं पाडून त्यांत चार्ज भरतात. घरातल्या पोरांचा मोबाईल तर दिवसभर चार्जिंगलाच असतो, तरी विचाराल तेव्हा चार्ज नसतो.

कचेरीबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या एका अर्जीनवीस चाचांना मी विचारलं, "चाचा, चार्जला उर्दूत काय म्हणतात?"

"कौनसे चार्ज को?" चाचांनी उलटतपासणी सुरू केली. म्हणाले, साहेबाचा तो जिम्मा, पोलिसांचा हमला, कोर्टातला इल्जाम. वकिलाचा मेहनताना म्हणायचा. मेहनत कोण करतो ते विचारायचं नाही. खाणीतलं बारूद.

"आणि मोबाईलचा?"

चाचांनी चष्मा पुसला. "उसे चार्ज ही कहते हैं."

मग मी माझी विद्वत्ता काढली. या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ गाडीवर माल लादणं, असं सांगितलं. चाचा एकदम खुलले. "तो सीधे बार कहो ना, भाऊ!" फारसीत बार म्हणजे ओझं. धान खरेदीच्या वेळी ज्याच्यासाठी दरवर्षी आरडाओरडा होतो तो बारदाना त्यातलाच. गुन्हा शाबीत करायचं ओझं म्हणजे बार-ए-सुबूत, आणि कर्जाखाली वाकलेला माणूस जेर-ए-बार. आपण मराठी माणसं तर बंदुकीतही बारच भरतो, शिवाय मुलीच्या लग्नाचा बार उडवून स्वतः जेर-ए-बार होतो. (वकिलांचा बार वेगळा; संध्याकाळचा त्याहून वेगळा.)

म्हणजे साहेबाची खुर्ची, पोलिसांची लाठी, वकिलाची फी, सगळं शेवटी ओझंच. ते वाहणारा कोण, हे त्या लिंबाखाली अर्ज लिहून घ्यायला बसलेल्यांकडे पाहिलं की कळतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या मध्य प्रदेश सरकारने पोलिसांच्या लिखापढीतून उर्दू-फारसी शब्द काढायचं ठरवलं. लोकांना समजत नाहीत, हे कारण. चाचांना ते सांगितलं, तर त्यांनी आधी 'सरकार' हाच शब्द फारसी असल्याची नोंद केली. चार्ज मात्र ना उर्दू, ना फारसी. त्यामुळे त्याच्या नोकरीला धक्का नाही, आणि वीजबिलातला फिक्स्ड चार्जही दर महिन्याला वेळेवर येतो.