डावा लेपा, उजवा लेपा

लेपा ओळखायला फार अक्कल लागत नाही, फक्त डावं-उजवं कळावं लागतं. आणि नेमकी तिथेच आमच्या घराण्याची बोंब आहे. आमच्यात रिक्षावाल्याला कुणी ‘डावीकडे घ्या’ म्हणत नाही. ‘त्या पिंपळाकडे घ्या’ म्हणतात.

लेपा, म्हणजे गोव्याकडचा लेपो, वाळूत-चिखलात तळाशी पडून असतो. चपलेच्या तळासारखा चपटा. वरची बाजू मातकट, खालची पांढरी आणि दोन्ही डोळे वरच्याच बाजूला. जन्मतः तसे नसतात. पिल्लू चारचौघांसारखं दोन बाजूंना दोन डोळे घेऊन उभं पोहतं. मग एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडच्या डोळ्याशेजारी राहायला जातो आणि मासा कायमचा आडवा होतो. आम्ही चाळिशीनंतर आडवे झालो, तेही डोळे जागच्या जागी ठेवून.

या डोळ्यापायी डार्विनलाही ताप झाला. अर्ध्या वाटेतल्या डोळ्याचा माशाला उपयोग काय, असं मायव्हार्ट नावाच्या टीकाकाराने विचारलं. डार्विनने उत्क्रांतीवरच्या आपल्या पुस्तकाच्या १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिलं खरं, पण अर्ध्या वाटेतला डोळा दाखवायला २००८ साल उजाडलं. इटलीतल्या मॉन्ते बोल्काच्या, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत तो सापडला. बदलीचा हुकूम निघालेला, पण नव्या जागी हजर होणं राहून गेलेलं.

तर ओळख. मासा डोळे वर करून ठेवायचा, पोट आपल्याकडे. तोंड आपल्या डाव्या हाताला आलं तर डोळे डाव्या अंगाचे. पोट कुठलं हे कळत नसेल तर तोंड बघा: लेप्याचं नाकाड खाली वाकून तोंडावर आलेलं असतं, ते वळतं ती पोटाची बाजू. आपल्या बाजारातला नेहमीचा लेपा डावा. त्याला छातीचे पर नसतात, आणि पाठीचा व पोटाचा पर मागे शेपटीला मिळून एकच टोक होतं. अंगावर पट्टे असलेला त्याचा भाऊबंद मात्र उजवा. भाकस हा तिसरा. जबडा मोठा, दात अणकुचीदार, आणि यांच्यात डावेही निघतात, उजवेही. घरातल्या घरात एकमत नाही. माझी सगळी सहानुभूती भाकसाला.

हे सगळं मी बाजारात, पाटीसमोर उकिडवा बसून करतो. आधी मासा फिरवायचा, मग आपला उजवा हात कुठला हे ठरवण्यासाठी हवेत एक घास घ्यायचा. कोळीणबाई बराच वेळ बघत होत्या.

“दादा, उपाशी आलाव काय?”

“नाही मावशी, हा डावा की उजवा ते बघतोय.”

“मच्छीला डावी-उजवी नसते. ताजी असते नाय तर शिळी. घ्यायचाय का पत्रिका जुळवायचीय?”

पुस्तकं एवढ्यावर थांबत नाहीत. अंगावरच्या पार्श्वरेषा दोन की तीन, ओठांना झालर आहे का, खवले कुठल्या बाजूला खरखरीत, असं सगळं भिंगाखाली विचारत बसतात. जातीचं नेमकं नाव हवं असेल तर ते करावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण मावशींनी कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवला, पाठीवर बोट दाबून खळगा राहत नाही हे दाखवलं, आणि त्यांची तपासणी संपली. माझा घास अजून हवेतच होता.

माझं मत विचाराल तर दोन्ही परीक्षा कराव्यात, पण मावशींची आधी. आणि लेपा डावा निघो की उजवा, त्याची कातडी तिथेच ओढून घ्या. घरी ती निघता निघत नाही.