स्टॉक निल

नाशिकला अशोक स्तंभावरून सोमेश्वरच्या दिशेने निघालं की गंगापूर रोडच्या दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांमध्ये एक जमात हमखास सापडते. वय साठीपुढचं, सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून निवृत्ती, मुलगा पुण्यात किंवा त्याहून लांब, आणि त्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतःच्या हाताने चढवलेलं लिनक्स. आमच्या बिल्डिंगमधल्या नमुन्याला आम्ही इन्स्टॉलराव म्हणतो. पाठीमागे. तोंडावर काका.

काकांची सगळी नोकरी स्टोअर्समध्ये गेली. बिन कार्डावर शून्य दिसलं की इंडेंट फाडायचा, एवढा एकच संस्कार. कशाला लागतंय, खरंच लागतंय का, या चौकशा प्रॉडक्शनवाल्यांनी कराव्यात. त्यामुळे काका कुठलीही सूचना वाचताना पहिली ओळ वाचतात आणि खाली सामानाची यादी असेल तर ती. मधला मजकूर त्यांच्या लेखी सुशोभन. फळ्यावर ‘शनिवारी पाणी येणार नाही’ असं लागलं तेव्हा काकांनी बादल्या, कुकर, आणि माळ्यावरचं घंगाळ उतरवून तेही भरलं. खाली लिहिलं होतं, ‘टाकीच्या सफाईमुळे, फक्त बी विंग.’ काका ए विंगमध्ये राहतात. काकूंनी ती ओळ वाचली होती; पण घंगाळ घासून निघतंय म्हटल्यावर त्या गप्प बसल्या.

अशा माणसाची आणि ऑटोमेक नावाच्या प्रोग्रामची गाठ पडायला पत्रिकाच जुळाव्या लागतात. काकांनी गिटवरून एका छोट्या प्रोग्रामचा सोर्स उतरवला, कॉन्फिगर चालवलं, मेक म्हटलं. पडद्यावर इशारा आला: ‘ऑटोमेक-१.१५’ तुमच्या सिस्टिमवर मिसिंग आहे.

स्टॉक निल! काकांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच नोकरीची कळा आली. त्यांनी ऑटोमेक मागवलं. लिनक्सच्या भांडारातून आलं १.१६. पुन्हा मेक. पुन्हा तेच: १.१५ मिसिंग. इशाऱ्याच्या तळाशी यादी होतीच, ऑटोकॉन्फ, एम४, पर्ल. तिन्ही आली. मग मॅन्युअलच्या फायलींवर गाडी अडली, ‘मेकइन्फो’ मिसिंग. त्यासाठी टेक्सइन्फो आलं, आणि नावात टेक्स आहे तर असू द्यावं म्हणून काकांनी कोणी न मागता काही जीबींचं टेक्स लाइव्हही भरून घेतलं. लॅपटॉपची डिस्क कण्हायला लागली. प्रोग्राम जिथे होता तिथेच.

पहिल्या आणि शेवटच्या ओळीच्या मध्ये एक वाक्य होतं. ते दर वेळी असतं. ‘तुम्ही मेकफाइल.एएम किंवा कॉन्फिगर.एसी बदललं असेल तरच हे तुम्हाला लागेल.’ आता काकांनी सोर्सला हातही लावलेला नव्हता. ऑटोमेक ज्या फायली बनवतं त्या लेखकाने आधीच बनवून सोबत दिल्या होत्या. म्हणजे इशारा शब्दशः खरा होता. काकांकडे १.१५ नव्हतं. त्यांच्याकडे पाणबुडीही नव्हती.

हे वाक्य वाचलं चौथ्या मजल्यावरच्या मुलीने. ती याच रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि कॅम्पस इंटरव्ह्यूमुळे सध्या सगळंच नीट वाचते.

“काका, तुम्ही यात काही बदल केलात का?”

“मी कशाला बदलू?”

“मग हे लागतच नाही तुम्हाला.”

“अगं, पण नाहीये म्हणतोय ना तो!”

तिने समजावलं. मेक हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये लिहिला. फाइलीत काय आहे हे तो बघत नाही, फक्त वेळ बघतो. मूळ फाइल बनवलेल्या फाइलीपेक्षा ताजी दिसली की म्हणतो, कोणीतरी बदल केलाय, पुन्हा बनवा. आणि गिट फायलींचा मजकूर जपतं, वेळा जपत नाही. उतरवताना सगळ्या फायलींवर आत्ताची वेळ पडते, तीही कुठली आधी, कुठली नंतर याचा काही नेम नाही. मेकफाइल.एएम क्षणभर मागून उतरली एवढंच घडलं होतं. मेकने ऑटोमेकला हाक मारली, शेलने १२७ नंबर परत दिला, म्हणजे असा कोणी इथे राहत नाही. आणि ‘मिसिंग’ याच नावाची एक छोटी स्क्रिप्ट असते, तिने तो निरोप पडद्यावर लावला. ६३ नंबर आला असता तर ती म्हणाली असती, आहे पण बहुधा फार जुनं आहे.

खरं सांगायचं तर मला त्या स्क्रिप्टचा राग येत नाही. तिने काहीच लपवलेलं नाही. मी असतो तर फक्त दोन ओळींची अदलाबदल केली असती. आधी ‘काही बदललंत का?’, मग ‘नाहीये.’ पण काका तेव्हाही यादीच वाचणार.

मुलीने ‘टच’ नावाची आज्ञा दिली. ही आज्ञा फाइलीतलं अक्षरही बदलत नाही, वेळ तेवढी ताजी करते. आधी एसीलोकल.एम४, मग कॉन्फिगर, मग मेकफाइल.इन, या क्रमाने तिने बोट फिरवलं. मेक म्हटलं. काकूंचा चहा येईपर्यंत प्रोग्राम तयार होऊन चालायलाही लागला.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. आनंद झाला होता, पण पुरता नाही. शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“ते सगळं ठीक आहे गं. पण १.१५ आपल्याकडे नाही ते नाहीच ना?”

“नाही, काका. लागतही नाही.”

“तसं नव्हे. उद्या कोणी मागितलं तर?”

ती परीक्षेचं निमित्त सांगून निघाली. रात्री अकराला मी गच्चीवरून उतरताना ए विंगमध्ये एकच दिवा चालू दिसला. काकूंचा आवाज येत होता, “अहो, झोपा आता,” आणि काकांचा, “दोन मिनिटं. पर्लची व्हर्जन जुळत नाहीये.”