उपटली काहून नाई?

त्याने हापशीकडे नुसतं पाहिलं.

२२ वर्षं, १ महिना आणि २७ दिवस मी ज्या क्षणासाठी थांबलो होतो, तो हा. चहूबाजूंनी माणसं अंगावर चालून येताहेत, मधोमध तारासिंग, आणि बाजूला ती. कॅमेरा तिच्यावर गेला तेव्हा अकोल्याच्या हॉलमध्ये अशी शिट्टी उठली की मोर्णेच्या पल्याड जुन्या शहरात ऐकू गेली असेल. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतले भाऊ. वय एक्केचाळीस, अंगावर पोराच्या दहावीची आणि एका गायीची जबाबदारी. ते खुर्चीवर उभे. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. जमावानेही तिच्याकडे पाहिलं. आणि जमाव पळाला. हापशी जागच्या जागी. एक बोल्ट ढिला नाही.

पुढचा सीन सुरू झाला तरी भाऊ उभेच होते. अंधारात त्यांनी मला विचारलं, "उपटली काहून नाई?"

मी काय सांगणार? मी काय त्याचा मेहुणा आहे?

'गदर' १५ जून २००१ ला आला. त्याच शुक्रवारी 'लगान'ही आला होता, आणि आमच्या गल्लीचे सरळ दोन तुकडे झाले होते. ज्यांच्या घरी कूलर होता ते 'लगान'ला गेले. आम्ही हापशीवाले. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, त्यामुळे दिवसभर दुसरा उद्योग नव्हता. दगडी पूल ओलांडून टॉकीजला जायचं, तारासिंगाने लाहोरात हापशी उपटलेली पाहायची आणि परत येऊन चौकातल्या हापशीला मिठी मारायची. सहावीतली नऊ पोट्टी, एकेक करून. पाय ओट्याला रोवायचे, डोळे मिटायचे, घशातून तो आवाज काढायचा. माझी पाळी आली तेव्हा आजी गुंड घेऊन उभी होती. म्हणाली, "उपटजा मंग. आदी दोन गुंड भरून द्या."

भरून दिले. उपटायची ताकद त्यात गेली. नाहीतर आज मी कुठल्या कुठे असतो.

आता हापशी म्हणजे काय, हे ज्यांना फक्त सिनेमातून माहीत आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ही गोष्ट माझ्या छातीत बावीस वर्षं अडकून होती. तारासिंगाने उपटली ती बिडाची, घरगुती वळणाची, उथळ पाण्यावर चालणारी. एका कुटुंबाने दिवसातून चार बादल्या काढाव्यात, अशा बेताने तिचा जन्म. आपल्या चौकातली वेगळी. गावोगाव बोअर मारून वर असल्या बिडाच्या हापशा बसवल्या, तेव्हा सगळ्या गावाच्या हाताखाली त्या चार दिवसांत मोडायला लागल्या. म्हणून जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या लोकांनी पोलादी, दणकट डोकं तयार केलं, आणि सोलापूरच्या त्या नमुन्यावरून १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क-२' निघाली, जी पुढे निम्म्या जगात गेली. म्हणजे हापशी ही मराठी मुलखाची देन आहे, राजेहो, आणि तिच्यावर टाळ्या घेतल्या पंजाबच्या ट्रकवाल्याने. बरं, ही मार्क-२ उपटून दाखव म्हणावं! आधी टोपण उघड. मग साखळी सोड. मग डोक्याचे बोल्ट काढ, ते गंजलेले असतात, त्यांच्यावर आदल्या रात्री रॉकेल टाकून ठेवावं लागतं. मग खाली तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप, एकाला एक आट्यांनी जोडलेले, आत तितक्याच सळया, आणि सगळ्यात तळाशी सिलिंडर, त्यात ते इवलंसं वायसर, ज्याच्यापायी हा सगळा कुटाणा. एक पाइप वर आला की क्लॅम्प आवळायचा, पाना लावून तो सोडवायचा, मग दुसरा. चार माणसं, एक मिस्त्री आणि मिस्त्रीला शिव्या देणारा एक सहावा. क्लॅम्प सुटला तर खालचा सगळा पाइप बोअरमध्ये, आणि मग ती हापशी कायमची मेली. मिस्त्रीच्या कपाळावर त्या वेळी जो घाम असतो, तसा मी तारासिंगाच्या कपाळावर एकदाही पाहिला नाही. लाहोरात त्याच्या हातात हापशीखाली किती पाइप आला होता? सळया कुठे गेल्या? वायसर कोणाकडे आहे? बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नसतं. कारण त्याने उपटली होती. जो उपटतो त्याला हिशेब मागायचा नसतो. हिशेब मागायचा जो नुसता पाहतो त्याला.

तर ११ ऑगस्ट २०२३. दुसरा भाग.

भाऊंनी त्यासाठी चौकातल्या हापशीचा दांडाच काढून घेतला. काढला म्हणजे काय, बोल्ट कधीचा चोरीला गेलेला, दांडा तारेने बांधलेला होता, तार सोडली. स्कूटरवर आम्ही दोघं आणि मध्ये तो आडवा, त्यामुळे पुलावर समोरून येणारा प्रत्येकजण नमस्कार केल्यासारखा वाकत होता. दारातल्या गार्डाने दांडा उचलून पाहिला, खालीवर केला, नळीसारखा पोकळ आहे का ते ठोकून बघितलं आणि आत खाण्याचं काही लपवलेलं नाही याची खात्री झाल्यावर बाजूला उभा करून टोकन दिलं. टोकन क्रमांक ७. आमच्या आधी कोणी सहा जणांनी काय आणलं होतं, देव जाणे.

तेव्हा अधिक श्रावण चालू होता. धोंड्याचा महिना. घरोघरी जावई, ताटात अनारसे, चांदीच्या भावाची चौकशी. आणि पडद्यावर कोण, तर जावईच. पहिल्या भागात बायकोसाठी सासरवाडीला गेला, दुसऱ्यात पोरासाठी गेला. दोन खेपा झाल्या, पण या माणसाला कोणी एक अनारसा दिला नाही. माझे सासरे शेजारच्या रांगेत होते, तिसऱ्या रिळापासून त्यांची मान खाली होती.

आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात की अधिकात कार्य करू नये. नाव तेच असतं, श्रावणच म्हणतात, पण त्यातल्या सोमवारी अकोल्यात कावड निघत नाही. कावड निघते ती निज श्रावणात, शेवटच्या सोमवारी. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि सतरा-अठरा किलोमीटर खांद्यावरून चालत आणून राजराजेश्वराला घालायचं. बघा, इथला माणूस देवासाठीसुद्धा पाणी आणायचं तर खांदा लावतो, रात्रभर चालतो, तळपायाला फोड आणतो. गांधीग्रामला जाऊन पूर्णेकडे नुसतं पाहून परत आला, असा शिवभक्त मी अजून पाहिलेला नाही. आणि सिनेमावाल्यांनी भाग दोन काढला तो नेमका अधिकात. पंचांग पाहायला कोणाला सवड आहे!

मध्यंतरानंतर भाच्याने मला समजावलं. तो पुण्याला शिकतो, त्यामुळे त्याला सगळ्याचा अर्थ लागतो. म्हणाला, "मामा, ते प्रतीक आहे. आता त्याला उपटायची गरजच नाही. त्याची दहशत इतकी आहे की नुसत्या नजरेवर काम भागतं. हे उपटण्यापेक्षा मोठं आहे."

समज, मी रसवंतीवर गेलो. पोऱ्याने चरकाकडे पाहिलं. उसाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. वीस रुपये घेतले. भाच्या, हेही उपटण्यापेक्षा मोठं आहे का रे? मी प्रतीकाचं तिकीट काढलं नव्हतं. मी हापशीचं तिकीट काढलं होतं. त्याने त्या सिनेमात हातोडा घेतला, बैलगाडीचं चाक गरगरा फिरवलं, माझं काही म्हणणं नाही, हौस असते एकेकाची. पण बैलगाडीचं चाक पाहायला मी दगडी पूल ओलांडत नाही, ते मामाच्या गोठ्यात आहे.

आणि खरं सांगू? मला 'पाहण्या'चाच राग आहे. भाषेतच घोळ आहे आपल्या. पाहतो तो, आणि करतो ती पाहणी. कपाशी वाळते, पथक येतं, पाहतं. सोयाबीन कुजतं, पथक येतं, पाहतं. मामाच्या गावी तर एकदा दिवस मावळल्यावर आले, बॅटरीच्या उजेडात एक झाड पाहिलं, ते नेमकं बांधावरचं बाभळीचं होतं, आणि 'पाहणी झाली' म्हणून गेले. मामाचं गाव खारपाण पट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट; त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध फाटतं. तिथल्या हापशीने पाणी दिलं तरी पंचाईत आणि नाही दिलं तरी. तिच्याकडे पाहून गेलेल्या माणसांची रांग लावली तर मामाच्या दारापासून लाहोरपर्यंत जाईल. साहेबांनी पाहिलं, साहेबांच्या साहेबांनी पाहिलं, एकाने तर हात पुढे करून ओंजळीत पाणी घेतलं, फोटो झाला, आणि ते पाणी त्याने सांडून दिलं. प्यायला नाही! मामी घरातून गूळ-शेंगदाणे घेऊन येईपर्यंत गाडीचा धुरळासुद्धा बसला होता. उभ्या आयुष्यात आम्ही एक माणूस पाहिला होता जो हापशीकडे पाहत बसला नाही. गेला, धरली, उपटली. चांगली का वाईट, पाण्याचं काय झालं, तो वेगळा विषय. पण हात घातला त्याने! त्याला आम्ही काळजात ठेवला, त्याच्यासाठी पोट्टेपणी कंबर धरून घेतली, आणि बावीस वर्षांनी तो परत आला तो पाहणी करायला! त्याच्या मागे फक्त एक पांढरी गाडी आणि पाण्याच्या बाटल्या धरलेला शिपाई तेवढा उभा करायचा राहिला.

लोक मात्र खूश. त्या सिनेमाने देशात ५०० कोटींच्या वर गल्ला केला. त्यातले आमच्या गल्लीचे किती आणि त्यात माझ्या एकट्याच्या किती खेपा, हे इथे लिहीत नाही, बायको पेपर वाचते. हो, दुसऱ्यांदा गेलो. या खेपेला कदाचित उपटेल, असं वाटलं होतं. तिसऱ्यांदा भाऊ म्हणाले म्हणून गेलो.

पहिल्या रात्री सिनेमा सुटला तेव्हा साडेबारा झाले होते. टोकन दिलं, दांडा घेतला. परत येताना पुलावर भाऊ काही बोलले नाहीत. चौकात हापशी उभी होती, ओट्यावर कुत्रं झोपलेलं, तोंडावर मागच्या गणपतीच्या बॅनरचा तुकडा. भाऊंनी स्कूटर लावली आणि गेले तिच्याजवळ. मी ओळखलं. दोन्ही हातांनी तिला धरलं, पाय ओट्याला रोवले. मीही दुसऱ्या बाजूने धरलं. म्हटलं, हापशीवाल्यांतले आता दोघंच उरलो. कुत्रं उठून बसलं. कुठेतरी खोल, साखळीच्या जागी, कर्र झालं. तेवढंच. भाऊंच्या कमरेतही बहुतेक त्याच वेळी झालं.

समोरच्या घरातून काकूंचा आवाज आला, "आणला का रे दांडा?"

"आणला काकू."

"मंग बसवा लवकर. सकाळी धुणं वाळत घालाचं हाय, दोरी कायले बांधू मी?"

भाऊंनी एक हात कमरेवर ठेवूनच दांडा बसवला, मी तारेचे वेढे दिले. दोरी दांड्याच्या टोकापासून शेवग्याच्या झाडापर्यंत. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"ताठ बांधजा," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपी लोंबली होती. साऱ्या चादरी मातीत."