उचल

अहिल्यानगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वी ऊसतोडणी व वाहतुकीसाठी घेतलेली आगाऊ रक्कम. मात्र प्रस्तुत विवेचनापुरता या शब्दाला दुसराही अर्थ जोडणे सोयीचे आहे, तो म्हणजे भरल्या ट्रॉल्या शेतातून बाहेर काढताना ट्रॅक्टरचे पुढचे तोंड हवेत उठणे. या दोन्ही उचलींवर ज्याचा संसार आणि रुबाब उभा असतो, तो ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टरवाला.

१९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हाच्या बैलगाडीतही मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होई, म्हणजे जू वर उचलले जाई. परंतु त्याचा अभिमान ना गाडीवानाला वाटे, ना बैलांना. ट्रॅक्टरवाल्याने मात्र त्याच दोषाची कला केली. मागची चाके काळ्या चिकणमातीत रुतून फिरेनाशी झाली, की इंजिनाची ताकद चाकांऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरवू पाहते, आणि ट्रॉलीचा दांडा अडकवण्याचा हूक जितका उंच, तितका हा कल वाढतो. म्हणून पकड वाढावी यासाठी तो मागच्या टायरांत पाणी भरतो, तोंड उठू नये यासाठी पुढे लोखंडी वजने बांधतो आणि तीही अपुरी पडल्यास बंपरवर दोन पोरे बसवतो, ज्यांच्या वजनापेक्षा त्यांच्या आरोळ्यांचाच उपयोग अधिक होतो. पुढची चाके हवेत असताना स्टेअरिंग केवळ हात ठेवण्यापुरते उरते. म्हणून मागच्या दोन चाकांचे ब्रेक सुटे करून, ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचे चाक अडवून, तो दिशा साधतो.

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींतही, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ धावेत, भार मागच्या चाकांवर घेऊन पकड वाढवण्याचेच शास्त्र असते. फरक इतकाच, की ‘ड्रॅग’चा अर्थ ओढणे असूनही त्या मोटारीमागे ओढायला काहीच नसते, तर ट्रॅक्टरवाल्यामागे दोन ट्रॉल्या ऊस आणि बँकेचे कर्ज असते. परदेशी ड्रॅग मोटार पाठीवर उलटू नये म्हणून तिला मागे छोट्या चाकांचा दांडा लावतात. ट्रॅक्टर उलटायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाच वेळ लागत असला, तरी ट्रॅक्टरवाल्याचा भरवसा बॉनेटवरच्या लिंबू-मिरचीवर असतो. वाहनांची कसून परीक्षा घेणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा याच जिल्ह्यात आहे. पण या गृहस्थाची परीक्षा बांधावर होते, परीक्षक ऊसतोड कामगार असतात आणि गुण शिट्ट्यांत मोजले जातात.

हा पराक्रम तो हौसेने करतो असे मानणे मात्र अर्धसत्य ठरेल. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळत असल्याने प्रत्येक खेपेत चार मोळ्या जास्त चढतात, आणि त्या चढवाव्या लागतात, कारण कारखान्याकडून घेतलेली उचल मुकादमामार्फत तोडणीच्या कोयत्यांना, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांना, आधीच वाटलेली असते. हंगामाच्या शेवटी गव्हाण, म्हणजे ऊस टाकण्याची जागा, रिकामी होते आणि ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीला टेकतात. हिशेबाची मात्र टेकत नाहीत. मग बँकेच्या हप्त्याला जरा अडवून मुकादमाकडे, मुकादमाला अडवून पुन्हा बँकेकडे, असे डावे-उजवे ब्रेक दाबत तो पुढच्या दसऱ्यापर्यंत संसार वळवत राहतो, आणि दसऱ्याला नवी उचल घेतो.