पिवळा रुमाल खिशातच

सप्टेंबर २०१६, डेन्व्हर. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याच्या हेल्मेटवर पुन्हा पुन्हा हेल्मेट आदळत होतं. शेवटच्या मिनिटात डेन्व्हरच्या डॅरियन स्टुअर्टच्या धडकेवर पंचांचा फाउल दाखवणारा पिवळा रुमाल एकदाचा पडला; तोही न्यूटनच्याच चुकीशी वजावट होऊन फुकट गेला. पुढे एनएफएलने डेन्व्हरच्या दोन खेळाडूंना दंड ठोठावला. म्हणजे मार होता, पंचांनाच तो एरवी दिसेना!

धावत सुटलेल्या क्वार्टरबॅकला कमी संरक्षण, हा नियम मान्य. पण स्टुअर्टने हाणलं तेव्हा न्यूटन चेंडू फेकत होता. पंचांना वाटत असावं: सहा फूट पाच इंचांचा गडी, त्याला काय होतंय?

२०२२ मध्ये ग्रेडी जॅरेटने क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला नुसतं धरून आडवं केलं, तर रुमाल लगेच बाहेर. ‘तुझं अजून तेवढं वय नाही,’ अशा अर्थाचं एक पंच आपल्याला म्हणाल्याचं न्यूटनने २०१५ मध्येच सांगितलं होतं. त्या पंचांनी इन्कार केला.

रुमाल पडला तेव्हा ब्रेडी ४५ वर्षांचा होता.