एक नग

आजोबांच्या टेबल-फॅनचा एक बोल्ट हरवला. दोन सुती म्हणजे पाव इंची, जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचा, इंचाला 20 आटे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सहा एमएमचा पुढे केला. "अहो, पाव इंच म्हणजे 6.35," मी म्हटलं. "टेफ्लॉन गुंडाळा, बसेल!" आपल्याकडे टेफ्लॉनने न भरणारी दरी अजून सापडायची आहे.

शेवटी मुंबईच्या हार्डवेअर बाजारातली नागदेवी स्ट्रीट गाठली.

"किती देऊ?"

"एक."

"एक पेटी?"

"एक नग."

पंगतीत बसून एकच शीत मागावं, तसा चेहरा झाला तिथल्या दुकानदाराचा. पेटी शंभराची आणि ती फोडत नाहीत. घेतली. पंखा सुरू झाला; श्रीखंडाच्या डब्यात आता 99 बोल्ट आहेत. परवा नट पडला. तो शेजारच्या दुकानात मिळतो म्हणे, पेटीने.