सहा महिन्यांची सहल

बीडची पोरं नशीबवान. दिवाळी झाली की त्यांची सहल निघते, तीही थेट पाच-सहा महिन्यांची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, म्हातारी आणि दप्तर (हे राहिलं तरी चालतं) कोंबून पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर पार कर्नाटकात मुक्काम. आईबाप मिळून ऊसतोडीचा एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, म्हणजे ती फिटेपर्यंत परतीचं नाव नाही. दहा वर्षांची थोरली कोपीत धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते, रात्री गाडी भरताना बॅटरी धरते. नव्या शैक्षणिक धोरणातलं अनुभवाधारित शिक्षण ते हेच असावं.

शाळेची चिंता नको. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत. आता घरच तीनशे किलोमीटर सरकलं, तर कायदा काय करणार? गावात राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहंही आहेत. कारखान्याचा बॉयलर मात्र मुहूर्तावर पेटतो आणि वसतिगृहाची मंजुरी अनेकदा टोळ्या गेल्यावर येते. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांची कल्पना निघाली. आधी पोरं फडात जातात, मग शाळा मोठ्या गावात. कुणीच मागे राहायला नको!

साखर आयुक्तसाहेब, साखरेचा उतारा तुम्ही दशांशात मोजता. गाळप परवान्याच्या अर्जाला फडातल्या पोरांची यादी जोडायला सांगा. एक कागद वाढेल, इतकंच.